सहाध्यापकांचे परस्परमार्गदर्शन

माध्यमिक शाळेत शिकवू इच्छिणाऱ्या पदवीधराला आपल्या देशात अध्यापनशास्त्राची पदवी घ्यावी लागते. त्या अभ्यासक्रमात तो अनुभवी शिक्षकांचे पाठ पाहतो, स्वतः पाठ घेतो, आणि मागच्या बाकावर बसलेला निरीक्षक त्याच्या पाठाची टिपणे करीत असतो. विद्यापीठात किंवा महाविद्यालयात शिकवू इच्छिणाऱ्यावर असे कोणतेही बंधन नाही. त्याच्याजवळ विषयाची पदव्युत्तर पदवी असते, पुष्कळदा संशोधनाची पदवीही असते. १९८९ पासून घेण्यात येणाऱ्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत, म्हणजे ‘नेट’मध्ये, अध्यापनक्षमतेविषयी काही प्रश्न विचारले जातात हे खरे, परंतु ती क्षमता कागदावर तपासली जाते, वर्गात नव्हे. नेमणुकीचे पत्र हाती पडते, वेळापत्रक ठरते आणि पहिल्याच आठवड्यात नवा प्राध्यापक साठ, ऐंशी किंवा शंभर विद्यार्थ्यांसमोर एकटा उभा राहतो.

अशा वेळी तो बहुधा आपल्याला जसे शिकवले गेले तसेच शिकवू लागतो. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली शालेय शिक्षकांविषयी लिहिलेल्या ग्रंथात या गोष्टीचे मार्मिक विवेचन केले आहे. शिक्षक होणाऱ्या माणसाने विद्यार्थी म्हणून हजारो तास शिक्षकांना पाहिलेले असते. ही एक प्रकारची उमेदवारीच होय. परंतु ही उमेदवारी अपुरी असते. शिक्षक काय करतो ते विद्यार्थ्याला दिसते. तो तसे का करतो, कोणते उदाहरण त्याने विचारपूर्वक टाळले, वर्गाचा चेहरा पाहून त्याने ऐन वेळी काय बदलले, हे त्याला दिसत नाही. ज्याने अध्यापनाचे कोणतेही शिक्षण घेतलेले नाही अशा प्राध्यापकाला हे विवेचन अधिकच लागू पडते.

याच्या जोडीला आणखी एक विसंगती आहे. प्राध्यापकाचे संशोधन हे सार्वजनिक असते. त्याचा निबंध प्रसिद्ध होण्यापूर्वी त्या विषयातील जाणकार तो वाचतात, त्यातील दोष दाखवतात. परिषदेत त्याला प्रश्न विचारले जातात. पुढचे संशोधक त्याच्या कामावर आपले काम उभारतात. अध्यापनाच्या बाबतीत यातले काहीच घडत नाही. वर्गाचे दार बंद होते आणि तास संपला की तेथे जे काही घडले ते विरून जाते. शेजारच्याच खोलीत तोच भाग शिकवणाऱ्या सहकाऱ्याला त्याची वार्ताही नसते. अमेरिकेतील शिक्षणशास्त्रज्ञ ली शुलमन यांनी १९९३ साली लिहिलेल्या एका लेखात या एकांतवासाकडे लक्ष वेधले आणि अध्यापन ही विद्वत्समाजाची सामाईक संपत्ती झाली पाहिजे, असा आग्रह धरला.

या एकांतवासाची किंमत कोण देतो, हा प्रश्न भारतात विशेष महत्त्वाचा आहे. महाविद्यालयाच्या बाकांवर आता मोठ्या संख्येने असे विद्यार्थी बसतात, की ज्यांच्या घरातील कोणीही पूर्वी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. त्यांच्यापैकी अनेकांचे शालेय शिक्षण मराठीतून, हिंदीतून, तमिळमधून किंवा ओडियातून झालेले असते, आणि विज्ञान, वाणिज्य वा अभियांत्रिकीच्या शाखेत पाऊल ठेवताच सर्व काही इंग्रजीतून सुरू होते. फळ्यावरील मजकूर त्यांच्या वहीत उतरतो. परंतु त्याचा अर्थ मनात उतरतोच असे नाही. असे विद्यार्थी सहसा तक्रार करीत नाहीत. ते मागच्या बाकावर सरकतात, हजेरीपुरते येतात, आणि परीक्षेच्या तोंडावर गाइडांचा आणि खाजगी शिकवण्यांचा आश्रय घेतात. प्राध्यापकालाही त्याचा पत्ता उशिराच लागतो. संलग्न महाविद्यालयांमध्ये विद्यापीठाच्या परीक्षेचे कागद दुसरेच कोणी तपासत असल्यामुळे, आपल्या विद्यार्थ्यांनी आपल्या शिकवण्यातून काय घेतले हे त्याला पुष्कळदा शेवटपर्यंत कळत नाही.

आयोग, शिबिरे आणि उजळणी वर्ग

या उणिवेची जाणीव आपल्या देशाला नव्हती असे नाही. १९४८-४९ च्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने, म्हणजेच राधाकृष्णन आयोगाने, शाळा व इंटरमीजिएट महाविद्यालयांतील शिक्षकांसाठी सुटीतील उजळणी वर्ग भरवावेत असे सुचवले होते. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने याच्या पुढे जाऊन महाविद्यालयीन अध्यापकांचा विचार केला. नव्याने नेमलेल्या अधिव्याख्यात्याला संस्थेत रुळण्यासाठी अवधी द्यावा, चांगल्या अध्यापकांच्या व्याख्यानांना बसण्यास त्याला उत्तेजन द्यावे, त्याच्यासाठी उद्बोधन वर्ग असावेत आणि मोठ्या विद्यापीठांनी त्यासाठी कायमस्वरूपी प्रशिक्षण महाविद्यालये काढावीत, अशा त्या आयोगाच्या शिफारशी होत्या. यांपैकी शेवटची शिफारस प्रत्यक्षात यायला वीस वर्षे लागली. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर विद्यापीठ अनुदान मंडळाने १९८७ पासून ‘अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे’ स्थापन करण्यास प्रारंभ केला. चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग आणि तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग अशी त्यांची चौकट ठरली, आणि हे वर्ग पूर्ण करणे बढतीसाठी आवश्यक मानण्यात आले. २०१५ साली या संस्थांना ‘मानव संसाधन विकास केंद्र’ असे नाव मिळाले. २०२३ साली त्या मालवीय मिशन या शिक्षक प्रशिक्षण योजनेत सामावल्या गेल्या.

चांगल्या अध्यापकांच्या व्याख्यानांना नव्या अधिव्याख्यात्याने बसावे, ही शिफारस मात्र मागे राहिली. तिला इमारत लागत नव्हती, अनुदान लागत नव्हते. कदाचित त्यामुळेच तिच्यासाठी कोणतीही योजना तयार झाली नाही.

उद्बोधन व उजळणी वर्गांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. निरनिराळ्या राज्यांतील प्राध्यापक तेथे एकत्र येतात, विषयातील नव्या गोष्टी ऐकतात, अध्यापनाच्या पद्धतींची ओळख करून घेतात. तथापि या वर्गांमध्ये एक स्वाभाविक मर्यादा आहे. ते प्राध्यापकाच्या स्वतःच्या वर्गापासून दूर भरतात. तीन आठवडे संपवून तो आपल्या महाविद्यालयात परततो, तेव्हा तेथे जुनेच वेळापत्रक, जुनाच अभ्यासक्रम आणि जुनीच गर्दी त्याची वाट पाहत असते. नवी पद्धत पहिल्याच प्रयत्नात साधत नाही. चर्चा घडवून आणायला जावे तर गोंधळ होतो, वेळ पुरत नाही, पाठ्यक्रम मागे पडतो. नेमक्या या वेळी सल्ला देणारे कोणीही जवळ नसते. दोन-तीन प्रयत्नांनंतर तो जुन्या वाटेकडे वळतो, आणि यात त्याचा फारसा दोष आहे असेही म्हणता येत नाही.

संकल्पनेचा उगम

प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष वर्ग यांच्यामधील ही दरी हाच अमेरिकेतील ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या संशोधकद्वयाच्या अभ्यासाचा विषय होता. १९८० साली त्यांनी सेवांतर्गत प्रशिक्षणावरील संशोधनाचा आढावा घेतला आणि परिणामकारक प्रशिक्षणाचे पाच घटक सांगितले : उपपत्तीचे विवेचन, प्रात्यक्षिक, सुरक्षित वातावरणातील सराव, त्या सरावाविषयी प्रतिसाद, आणि अखेरीस नवे कौशल्य स्वतःच्या वर्गात वापरताना मिळणारे मार्गदर्शन. यांपैकी पहिले चार घटक शिबिरात पुरवता येतात. पाचवा मात्र शिक्षकाच्या कामाच्या जागीच पुरवावा लागतो, आणि नेमका तोच बहुतेक ठिकाणी वगळला जातो. १९८२ च्या एका लेखात त्यांनी या पाचव्या घटकाचा सविस्तर विचार केला. खेळाडू नवा फटका शिकतो तेव्हा काही काळ त्याचा जुना खेळही बिघडतो; त्या अवघड काळात प्रशिक्षक त्याच्याजवळ उभा असतो म्हणूनच तो नवा फटका सोडून देत नाही. शिक्षकालाही अशीच सोबत हवी असते. परंतु प्रत्येक शिक्षकामागे एक तज्ज्ञ उभा करणे कोणत्याही देशाला परवडणारे नाही. तेव्हा शिक्षकांनीच दोघा-दोघांच्या किंवा लहान गटांच्या रूपाने एकमेकांना ही सोबत द्यावी, असा मार्ग पुढे आला. ‘पीअर कोचिंग’ या नावाने तो ओळखला जातो.

भारतात ‘कोचिंग’ हा शब्द उच्चारताच खाजगी शिकवणीचे वर्ग डोळ्यांसमोर येतात. येथे अभिप्रेत असलेला अर्थ त्याहून सर्वस्वी निराळा आहे. दोन समान दर्जाचे अध्यापक आपापल्या अध्यापनात सुधारणा व्हावी म्हणून स्वेच्छेने एकमेकांच्या वर्गात बसतात, त्यावर बोलतात, नव्या गोष्टी करून पाहतात, असे त्याचे स्वरूप आहे. म्हणून ‘सहाध्यापकांचे परस्परमार्गदर्शन’ हे नाव त्याला अधिक समर्पक ठरेल.

तपासणीहून हे मार्गदर्शन कसे वेगळे, हेही स्पष्ट केले पाहिजे. शाळा-तपासनीस अचानक येतो, ठरावीक तक्ता भरतो आणि शेरा लिहून जातो. त्याच्या येण्याचा हेतू संस्थेचा असतो. याला पर्याय म्हणून हार्वर्ड विद्यापीठात मॉरिस कोगन आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट गोल्डहॅमर यांनी १९५० नंतरच्या काळात एक निराळी पद्धत विकसित केली. पाठापूर्वी चर्चा, पाठाचे निरीक्षण आणि पाठानंतर चर्चा असा तिचा क्रम होता, आणि निरीक्षण कशाचे करायचे हे ठरवण्यात शिक्षकाचा सहभाग असे. परस्परमार्गदर्शनाने हा क्रम उचलला. मात्र पर्यवेक्षकाच्या जागी सहकारी आणला.

कार्यपद्धती आणि एक नमुना

परस्परमार्गदर्शनाचे मूळ सूत्र साधे आहे. ज्याचा वर्ग, त्याचा प्रश्न. निरीक्षण कशाचे करायचे हे वर्ग घेणारा अध्यापक ठरवतो. निरीक्षक फक्त त्याच गोष्टीची नोंद करतो. तासानंतरच्या भेटीत नोंद समोर ठेवली जाते आणि निष्कर्ष वर्ग घेणाऱ्याने स्वतः काढावयाचा असतो.

हे सूत्र प्रत्यक्षात कसे उतरते ते समजण्यासाठी एक काल्पनिक प्रसंग घेता येईल. पदवीच्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक आपल्या इतिहास विभागातील सहकाऱ्याला सांगतात, “मी वर्गात पुष्कळ प्रश्न विचारतो; पण मुले बोलतच नाहीत.” दोघे मिळून ठरवतात, की पुढच्या तासाला प्रत्येक प्रश्न, त्यानंतरची शांतता आणि उत्तर देणारा विद्यार्थी एवढ्याच तीन गोष्टी टिपायच्या. विषय आहे न्यूटनचा गतिविषयक तिसरा नियम. इतिहासाचे प्राध्यापक मागच्या बाकावर बसतात. पन्नास मिनिटांत अठरा प्रश्न विचारले जातात. त्यांपैकी अकरा प्रश्न “समजलं ना?” किंवा “काही शंका?” अशा स्वरूपाचे असतात. पाच प्रश्नांची उत्तरे प्राध्यापक दोन सेकंदांच्या आत स्वतःच देऊन टाकतात. उरलेल्या दोन प्रश्नांना पहिल्या बाकावरचे तेच दोन विद्यार्थी उत्तर देतात.

त्याच दिवशी दोघे पुन्हा भेटतात. इतिहासाचे प्राध्यापक स्तुतीही करीत नाहीत आणि दोषही देत नाहीत. ते फक्त कागद पुढे ठेवतात. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना आपण पुष्कळ प्रश्न विचारतो याबद्दल शंका नव्हती, आणि ते खरेही होते. परंतु ज्याला उत्तर देता येईल असे प्रश्न फारच थोडे होते, आणि जे होते त्यांना उत्तर देण्यासाठी अवधीच मिळत नव्हता. चर्चेअंती ते ठरवतात, की पुढील तासाला एकच प्रश्न आधी तयार करून न्यायचा आणि विद्यार्थ्यांना एक मिनिट विचार करून उत्तर वहीत लिहायला सांगायचे.

प्रश्न असा आहे : टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाला पृथ्वी आपल्याकडे ओढते; या बलाची प्रतिक्रिया कोणती? बहुसंख्य विद्यार्थी लिहितात, “टेबलाने पुस्तकावर वरच्या दिशेने लावलेले बल.” हे उत्तर चूक आहे. क्रिया आणि प्रतिक्रिया एकाच वस्तूवर कधीच घडत नाहीत. पृथ्वी पुस्तकाला ओढते याची प्रतिक्रिया म्हणजे पुस्तक पृथ्वीला ओढते ही होय. ज्या विद्यार्थ्यांना नियम शब्दशः पाठ होता त्यांचेही उत्तर चुकते. वर्गातील शांतता म्हणजे आकलन असे प्राध्यापक समजत होते. विद्यार्थी आळशी आहेत म्हणून गप्प बसतात, असाही संशय त्यांना मधूनमधून येत असे. दोन्ही समजुती खऱ्या नव्हत्या, हे त्या एका प्रश्नाने उघड होते.

या प्रसंगातील दुसऱ्या लाभाकडेही दुर्लक्ष होता कामा नये. दुसऱ्या दिवशी आपल्या वर्गात इतिहासाचे प्राध्यापक “समजलं ना?” असे म्हणता म्हणता थांबतात. दुसऱ्याचा वर्ग पाहताना माणूस आपलाच वर्ग पाहत असतो.

निरीक्षक त्याच विषयाचा असावा की नसावा, हा प्रश्न येथे उद्भवतो. त्याच विषयाचा सहकारी आशयातील चुका, उदाहरणांची निवड आणि मुद्द्यांचा क्रम अधिक अचूकपणे पारखतो. परंतु त्याला सर्व काही आधीच ठाऊक असल्यामुळे विद्यार्थी कोठे अडखळला हे त्याच्या ध्यानात न येण्याचा संभव असतो. अन्य विषयाचा सहकारी स्वतःच विद्यार्थ्याच्या जागी असतो. त्याला जेथे समजत नाही तेथे बहुधा वर्गालाही समजलेले नसते. शक्य असेल तेथे वर्षातून एकदा या आणि एकदा त्या प्रकारचा जोडीदार घेणे हितावह ठरते.

नोंदीची साधने

निरीक्षण म्हणजे मत नव्हे. “तास छान झाला” किंवा “थोडा वेग जास्त होता” अशा शेऱ्यांतून फारसे काही निष्पन्न होत नाही. या कामी संशोधकांनी तयार केलेली काही साधने उपयोगी पडतात. नेड फ्लँडर्स यांच्या पद्धतीत दर तीन सेकंदांनी वर्गातील संभाषण दहांपैकी एका प्रकारात नोंदवले जाते. सात प्रकार शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि एक शांततेचा किंवा गोंधळाचा, अशी त्यांची विभागणी आहे. भारतातील अध्यापक-महाविद्यालयांत ती सुपरिचित आहे. परंतु दर तीन सेकंदांची नोंद करायला पुष्कळ सराव लागतो. २०१३ साली नोबेल पारितोषिकविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञानाच्या पदवी वर्गांसाठी यापेक्षा सोपी पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात दर दोन मिनिटांनी विद्यार्थी काय करीत आहेत आणि अध्यापक काय करीत आहे, एवढेच खुणांनी नोंदवायचे असते. अध्यापनाच्या दर्जाविषयी निर्णय द्यायचा नसतो.

मेरी बड रो यांचे काम वर उल्लेखिलेल्या शांततेशी संबंधित आहे. प्राथमिक शाळांतील विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण अभ्यासून त्यांनी दाखवले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून अधिक वाढवला, तर विद्यार्थ्यांची उत्तरे लांबतात, गप्प राहणाऱ्यांची संख्या घटते आणि विद्यार्थी स्वतःहून प्रश्न विचारू लागतात. ही नोंद करण्यासाठी मनगटावरचे घड्याळ पुरेसे आहे.

प्रत्येक वेळी निरीक्षकाने शिकवणाऱ्याकडेच पाहिले पाहिजे असे नाही. वॉशिंग्टन विद्यापीठात जोसेफ क्लार्क यांनी विकसित केलेल्या पद्धतीत सत्राच्या मध्यावर अध्यापक वर्गाबाहेर जातो आणि त्याचा सहकारी विद्यार्थ्यांचे छोटे गट करून त्यांना विचारतो : या विषयात शिकायला कशाची मदत होते, आणि काय बदलावेसे वाटते? गटांची उत्तरे एकत्र केली जातात, कोणी काय म्हटले हे गुप्त राहते आणि सारांश फक्त त्या अध्यापकाला कळवला जातो. सत्र संपल्यावर भरून घेतलेल्या अभिप्रायपत्रिकेचा फायदा झालाच तर पुढच्या विद्यार्थ्यांना होतो. सत्राच्या मध्यावर मिळालेल्या उत्तरांचा फायदा उत्तर देणाऱ्यांनाच होतो. न्यू जर्सी राज्यात जोसेफ कॅट्झ आणि मिल्ड्रेड हेन्री यांच्या कल्पनेनुसार चाललेल्या उपक्रमात हाच विचार आणखी पुढे नेण्यात आला. प्राध्यापकांच्या जोड्या एकमेकांच्या वर्गात सत्रभर बसत आणि दोघेही निवडक विद्यार्थ्यांशी, ते कसे शिकतात याविषयी, पुन्हा पुन्हा बोलत. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात या प्रयोगाची माहिती मिळते.

साहाय्य की मूल्यमापन?

परस्परमार्गदर्शनाला सर्वांत मोठा धोका बाहेरून नव्हे, आतूनच संभवतो. जॉइस आणि शॉवर्स यांना स्वतःलाच त्याचा अनुभव आला. समान दर्जाचे शिक्षकही एकमेकांना प्रतिसाद देऊ लागले की हळूहळू पर्यवेक्षकाच्या भाषेत बोलू लागतात. आधी दोन गोड शब्द आणि मग दोष, असा साचा तयार होतो आणि ऐकणारा बचावाच्या पवित्र्यात जातो. म्हणून १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात त्यांनी एक धाडसी बदल सांगितला. त्यांनी तोंडी प्रतिसाद देण्याची प्रथाच वगळली. एवढेच नव्हे, तर भूमिकाही उलट केल्या : शिकवणारा तो मार्गदर्शक आणि पाहणारा तो शिकाऊ. पाहणाऱ्याने सुधारणा सांगायच्या नाहीत. पाहिलेल्यातून आपल्याला काय घेता येईल ते शोधायचे. बोलणे होते ते पुढील पाठ एकत्र आखण्यासाठी.

डेव्हिड गॉसलिंग यांनी २००२ साली निरीक्षणाचे तीन नमुने सांगितले. पहिल्यात वरिष्ठ कनिष्ठाचे मूल्यमापन करतो. दुसऱ्यात तज्ज्ञ अध्यापकाचा विकास घडवून आणतो. तिसऱ्यात समान दर्जाचे अध्यापक परस्परांशी विचारविनिमय करतात. प्रत्येक नमुन्याचे आपापले स्थान आहे. अनर्थ होतो तो एकाचे नाव घेऊन दुसरा चालवला म्हणजे.

भारतीय परिस्थितीत हा धोका अधिक गंभीर आहे. २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकनाची पद्धत सुरू केली, आणि तेव्हापासून प्रत्येक शैक्षणिक कृतीचा दाखला फायलीत ठेवण्याची सवय जडली. परस्परमार्गदर्शनालाही गुण मिळू लागले, तर त्याचे प्रमाणपत्र होईल आणि मूळ हेतू नाहीसा होईल. दुसरी अडचण श्रेणीभेदाची आहे. ज्येष्ठ प्राध्यापकाला कनिष्ठाने आपल्या वर्गात येऊन बसणे अवघड वाटते; कनिष्ठाला ज्येष्ठापुढे खरे बोलणे त्याहून अवघड वाटते. तिसरी अडचण सर्वांत कठीण. अनेक महाविद्यालयांत शिकवण्याचा मोठा भार तासिका तत्त्वावरील, अतिथी किंवा कंत्राटी अध्यापक उचलतात. ज्याची नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची आहे, तो आपली उणीव सहकाऱ्यापुढे कशी उघड करील? त्याला संरक्षण नसेल तर परस्परमार्गदर्शन हे त्याच्यासाठी केवळ गोड नावाची तपासणी ठरेल.

यावर उपाय म्हणून काही मर्यादा आधीच मान्य कराव्या लागतात. सहभाग ऐच्छिक असावा. जोडीदार ज्याने त्याने निवडावा. नोंदीचा कागद वर्ग घेणाऱ्याच्या मालकीचा असावा. त्याची प्रत प्राचार्यांकडे किंवा विभागप्रमुखाकडे जाऊ नये. आणि पहिले दार ज्येष्ठांनी उघडावे. विभागप्रमुखाने आपल्या वर्गात बसण्याचे आमंत्रण प्रथम कनिष्ठाला दिले, तर त्याचा परिणाम कोणत्याही परिपत्रकापेक्षा अधिक होतो.

होशंगाबादचा अनुभव

समान पातळीवरून एकमेकांचे वर्ग पाहण्याची कल्पना भारताला सर्वस्वी परकी आहे असे मानण्याचे कारण नाही. १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात ‘किशोर भारती’ आणि ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी सोळा उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक त्यात सामील झाले. विद्यार्थ्यांनी चार-चारांच्या टोळ्या करून स्वतः प्रयोग करायचे आणि त्यातून निष्कर्ष काढायचे, अशी ती पद्धत होती. १९७८ साली ती संपूर्ण जिल्ह्यात लागू झाली, १९८२ पासून ‘एकलव्य’ या संस्थेने तिची धुरा सांभाळली आणि २००२ साली राज्य सरकारने ती बंद केली.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या प्रयोगातील दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. प्रशिक्षण शिबिरात संपत नसे. शिक्षक दरमहा एकत्र जमत, अडचणी मांडत. आणि प्रयोगाशी संबंधित मंडळी शाळाशाळांत जाऊन चालू वर्गात बसत. वर्गात पाहिलेल्या गोष्टी पुन्हा बैठकीत येत आणि त्यांच्या आधाराने ‘बाल वैज्ञानिक’ ही पाठ्यपुस्तके बदलली जात. दुसरे असे, की विद्यापीठातील प्राध्यापकांना ग्रामीण शिक्षकांच्या आणि मुलांच्या प्रश्नांना सामोरे जावे लागले. विषयाचा अधिकारी आणि वर्गाचा अधिकारी अशा दोन जाणकारांची ती भेट होती, आणि तीत कोणा एकाकडेच सर्व ज्ञान आहे असे मानून चालत नव्हते.

मर्यादा आणि शक्यता

परस्परमार्गदर्शन हा सर्व रोगांवरचा उतारा नव्हे. दीडशेच्या वर्गाचे ते साठात रूपांतर करू शकत नाही. रिकाम्या जागा भरू शकत नाही, प्रयोगशाळेत उपकरणे आणू शकत नाही. दोघेही अध्यापक एकाच चुकीच्या समजुतीत असतील तर ते एकमेकांची समजूत पक्की करण्याचा संभव आहे. म्हणून बाहेरच्या वाचनाची आणि तज्ज्ञांच्या सल्ल्याची गरज उरतेच. अशा उपक्रमांचे परिणाम मोजणेही सोपे नाही. तथापि दीर्घकाळ चालणाऱ्या प्रशिक्षणाविषयी काही पुरावा उपलब्ध आहे. ग्रॅहम गिब्स आणि मार्टिन कॉफी यांनी २००४ साली आठ देशांतील बावीस विद्यापीठांच्या प्रशिक्षण कार्यक्रमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रशिक्षित अध्यापकांचा दृष्टिकोन अधिक विद्यार्थिकेंद्री झाल्याचे त्यांना आढळले. प्रशिक्षण न मिळालेल्या तुलनात्मक गटात असा बदल दिसला नाही. हा अभ्यास केवळ परस्परमार्गदर्शनाचा नव्हता. परंतु चांगले शिकवणे हे शिकता येते, ती जन्मजात देणगीच असते असे नाही, एवढे त्यावरून म्हणता येते.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने विद्यापीठांतील व महाविद्यालयांतील अध्यापकांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शन मिशनची कल्पना मांडली आहे. भारतीय भाषांतून शिकवू शकणाऱ्या, ज्येष्ठ आणि निवृत्त प्राध्यापकांचे साहाय्य त्यात अपेक्षित आहे. त्या योजनेचे यश मोठ्या प्रमाणात कोणत्या प्रकारचे मार्गदर्शन दिले जाते यावर अवलंबून राहील. दूरवरून दिलेली व्याख्याने पुष्कळ झाली; उणीव आहे ती मागच्या बाकावर बसून नम्रपणे नोंद करणाऱ्या माणसाची.

एखाद्या लहान गावातील महाविद्यालयाला यासाठी कोणाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. दोन अध्यापक, सत्रातून प्रत्येकी दोन तास, एक ठरवून घेतलेला प्रश्न, एक वही आणि तासानंतरची अर्धा तासाची शांत बैठक एवढ्या भांडवलावर प्रारंभ करता येतो. पहिल्या वर्षी एकच जोडी पुढे येईल. कदाचित ती टिकणारही नाही. परंतु टिकली, तर वर्गात बसलेल्या ज्या मुलाला आपले न समजणे बोलून दाखवता येत नाही, त्याच्या वतीने पाहणारे आणखी दोन डोळे त्या खोलीत येतील.